पाहुणे मांजर: कोकणातल्या घरात मैत्रिणीचे मांजर सांभाळताना

कोकणात मांजर कोणाकडे सांभाळायला द्यावे लागते, हे आमच्या आधीच्या पिढीला पटले नसते. घरातली माणसे आठ दिवस मुंबईला गेली तरी मांजर वाडीतच असायचे. शेजारीण मासे साफ करताना चार डोकी त्याच्यापुढे टाकायची, रात्री ते कोणाच्या तरी चुलीजवळ निजायचे आणि माणसे परत आली की ओटीवर हजर व्हायचे. आता रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी या गावांत इमारती झाल्या, त्या इमारतींतल्या घरांत मांजरे वाढू लागली आणि त्यांतल्या कित्येकांच्या पायांना जन्मात माती लागलेली नाही. मालकिणीला ऑपरेशनसाठी मुंबईला जावे लागते किंवा लेकीचे बाळंतपण पुण्यात असते, आणि मांजर महिनाभरासाठी तुमच्या घरी येते. तुमच्या दृष्टीने ते पाहुणे असते, मांजराच्या दृष्टीने मात्र ते हरवलेले असते. ओळखीची जागा, ओळखीचा वास आणि ओळखीचे माणूस ही तिन्ही एकाच दिवशी नाहीशी झालेली असतात, आणि संधी मिळताच ते आपले घर शोधायला निघते. पहिल्यांदाच कोणाचे मांजर ठेवून घेणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे, आणि यातली बहुतेक खबरदारी त्या एका गोष्टीसाठी आहे.

हो म्हणण्याआधी

मैत्रीण अडचणीत असते, त्यामुळे आपण लगेच हो म्हणतो आणि विचारायचे ते राहून जाते. मांजराचे वय काय, नर की मादी, नसबंदी झाली आहे का, लसी कधी झाल्या, कोणते औषध चालू आहे, काय खाते आणि किती वाजता खाते, शी-शूसाठी कोणती माती वापरते, कशाला घाबरते, पूर्वी कधी परक्या घरी राहिले आहे का, हे सगळे कागदावर लिहून घ्यावे. शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, पण त्याच्या उत्तरावरून पहिल्या आठवड्याचा अंदाज येतो.

नसबंदीचा प्रश्न संकोच न करता विचारावा. नसबंदी न झालेला बोका परक्या घरात आपली हद्द आखण्यासाठी भिंतींवर, पडद्यांवर मूत्र उडवतो आणि तो वास धुऊनही लवकर जात नाही. भाटी माजावर आली तर रात्र रात्र ओरडते आणि मिळेल त्या वाटेने बाहेर पडू पाहते. ती एकदा बाहेर जाऊन आली, तर साधारण ६३ ते ६५ दिवसांनी मैत्रिणीच्या घरी पिल्ले होतील. नसबंदी न झालेले मांजर पहिल्याच खेपेला ठेवून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रेबीजची लस आणि मांजरांच्या तीन आजारांची एकत्र लस झाली आहे ना, हे लसीच्या पुस्तिकेत स्वतः पाहावे, आणि झाली नसेल तर मांजर येण्याच्या निदान दोन आठवडे आधी द्यायला सांगावी. त्याच बैठकीत उपचारांबद्दलही बोलून घ्यावे. मालकीण ऑपरेशन थिएटरमध्ये असताना मांजर आजारी पडले, तर निर्णय कोणी घ्यायचा आणि किती खर्चापर्यंत घ्यायचा, हे दोन ओळींत लिहून, खाली सही घेऊन ठेवावे. मैत्रीत असे कागद कशाला, असे वाटते; पण अडचणीच्या वेळी हाच कागद मैत्री सांभाळतो.

दिवसही पाहून ठरवावेत. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेले असते आणि दार दिवसभर उघडे राहते, शिमग्यात ढोल वाजवत पालखी घरी येते, दिवाळीत फटाके असतात. या दिवसांत मांजर येणे अटळ असेल तर ते निदान आठवडाभर आधी आणावे, म्हणजे गोंगाट सुरू होईपर्यंत त्याला निदान एक खोली आपली वाटू लागते.

खोली निवडणे

सगळ्यात जास्त विचार याचा करावा. मांजराला आल्याबरोबर सगळे घर मोकळे करून देणे हा पाहुणचार वाटतो, पण घाबरलेल्या प्राण्याला मोठी जागा धीर देत नाही. त्याला एकच लहान, शांत, बंद होणारी खोली द्यावी आणि निदान पहिले तीन दिवस, बुजरे मांजर असेल तर आठवडाभर, तेवढीच द्यावी.

खोली बंद होते का, हे ठरवताना आपण दार आणि खिडक्या पाहतो. कोकणातल्या घरात वर पाहायला हवे. कौलारू घराची भिंत जिथे संपते आणि वासे सुरू होतात तिथे वारा खेळण्यासाठी फट असते, आतल्या भिंती छपरापर्यंत गेलेल्या नसतात, आणि एका खोलीतून माळ्यावर गेलेले मांजर तिथून घरातल्या कुठल्याही खोलीत किंवा थेट वळचणीतून बाहेर उतरू शकते. सहा वर्षांपूर्वी मैत्रिणीची चिंगी माझ्याकडे आली तेव्हा मी तिला माजघरालगतच्या खोलीत ठेवले होते. दार बंद, खिडकीला जाळी, कोपऱ्यात तिची चादर, असे सगळे मन लावून केले होते. पहाटे खोली रिकामी होती. भाताच्या कणगीवर तिच्या पंजांचे ठसे होते, कणगीच्या वरच्या फळीवरची धूळ एका बाजूला पुसली गेली होती आणि त्याच्या वर, भिंत आणि कौल यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीत, तिचे पांढरे केस अडकले होते. मांजराचे डोके जिथून जाते तिथून बहुधा त्याचे सगळे अंग जाते, हे मला तेव्हा कळले.

म्हणून घरात स्लॅबची एखादी खोली असेल, मग ती मागाहून बांधलेली का असेना, तीच मांजराला द्यावी. ती नसेल तर वरून लाकडी तक्तपोशी असलेली खोली चालते, फक्त तक्तपोशीची एखादी फळी हललेली नाही ना, हे काठीने टोचून पाहावे. दोन्ही नसतील तर मैत्रिणीच्या घरी रोज दोनदा जाऊन मांजराला तिथेच सांभाळणे अधिक चांगले, आणि तसे मोकळेपणाने सांगावे. खिडकीला डासांची नायलॉनची जाळी असेल तर ती पुरेशी समजू नये, कारण नखांनी ती एका रात्रीत फाटते; लोखंडी बारीक जाळी लागते. मोरीचे पाणी जाण्याचे भोक दगड किंवा जाळी लावून बंद करावे. खोलीतल्या कपाटामागे, पलंगाखाली आपला हात पोहोचतो का, हे पाहावे. पोहोचत नसेल तर ती फट भरून टाकावी. मात्र लपायला एक तरी जागा मुद्दाम ठेवावी: आडवा ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका आणि त्यात मैत्रिणीचा न धुतलेला एखादा कपडा. तो कपडा धुऊन आणला तर त्याचा काही उपयोग नाही.

आणण्याचा दिवस

आपल्याकडे मांजर गोणपाटात घालून न्यायची जुनी पद्धत आहे. ती अजिबात वापरू नये. गोणीत हवा कमी मिळते, मांजर भेदरते आणि गोणी उघडताच हातातून निसटते. मांजर नेण्याचा पिंजरा नसेल तर भाजीच्या दोन प्लास्टिकच्या क्रेट तोंडाला तोंड लावून चारही बाजूंनी दोरीने बांधाव्यात. खाली जुने फडके घालावे आणि वरून पातळ सुती कापड टाकावे. निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नये, कारण घाटातल्या वळणांवर मांजरांना उलटी होते. गाडी सावलीत लावली असली तरी बंद गाडीत मांजराला पाच मिनिटेही सोडून जाऊ नये; उन्हाळ्यात ते जिवावर बेतते.

घरी आल्यावर आधी खोलीचे दार आतून लावावे, मग पिंजरा उघडावा. मांजर आपणहून बाहेर येईपर्यंत हात लावू नये. काही मांजरे पाच मिनिटांत सगळी खोली हुंगून घेतात, काही रात्रीपर्यंत पिंजऱ्यातच बसून राहतात, आणि दोन्ही ठीक आहे.

पहिले तीन दिवस

या दिवसांत करायचे फार थोडे असते आणि तेच जड जाते. मांजर पलंगाखाली बसले असेल तर त्याला ओढून काढू नये, मुलांना दाखवायला उचलू नये, वाडीतल्या कोणालाही पाहायला बोलावू नये. दिवसातून तीन-चार वेळा खोलीत जावे, खाणे-पाणी बदलावे आणि जमिनीवर बसून आपले काहीतरी काम करावे. मी लसूण सोलत नाही, कारण त्याचा वास उग्र असतो आणि लसूण मांजराला विषारीही आहे. तांदूळ निवडते किंवा वर्तमानपत्र हलक्या आवाजात वाचते. त्याच्याकडे टक लावून पाहू नये, कारण मांजराच्या भाषेत ती धमकी असते. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटून सावकाश उघडावेत. मांजराने तसेच केले तर त्याची भीती थोडी उतरली, असे समजावे.

कान मागे चिकटलेले, शेपटी अंगाभोवती घट्ट, बुबुळे मोठी काळीभोर झालेली, अशा मांजराकडे हात नेऊ नये. ते फिस्कारले तर त्याचा राग मानू नये. आपले बोट त्याच्या नाकापासून वीतभर दूर, खालच्या पातळीवर धरावे. त्याने पुढे येऊन हुंगले आणि गाल घासला, तर गालावर किंवा कानामागे दोन-चार वेळा हात फिरवून थांबावे. पोटाला हात लावायची घाई कधीच करू नये.

पहिल्या दिवशी ते फारसे खाणार नाही, किंवा सगळे झोपल्यावर रात्री खाईल. म्हणून रात्री किती ठेवले आणि सकाळी किती उरले, हे रोज लिहून ठेवावे. शी-शूचेही तसेच. ही वही पुढे डॉक्टरांपुढे सगळ्यात जास्त कामाला येते.

खाणेपिणे

नियम एकच: ते त्याच्या घरी जे खाते तेच, तेवढेच, त्याच वेळी. आपल्याकडे आलेल्याला चांगलेचुंगले घालावे, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण जागा बदललेली असताना खाणेही बदलले तर पोट बिघडते, आणि पोट नव्या खाण्याने बिघडले की भीतीने, हे कळायला मार्ग राहत नाही. मैत्रिणीकडून सगळ्या दिवसांना पुरेल एवढा कोरडा खाऊ आधीच मागून घ्यावा. तालुक्याच्या ठिकाणी तोच ब्रँड मिळेल, या भरवशावर राहू नये. चार किलोच्या मांजराला कोरडा खाऊ दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम लागतो, तरी पाकिटावरचे प्रमाण आणि मैत्रिणीचा अनुभव यांनाच मान द्यावा. आपल्या दमट हवेत हा खाऊ उघडा राहिला की दोन दिवसांत मऊ पडतो आणि पावसाळ्यात त्याला बुरशी धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावा आणि वाटीत एका वेळेपुरताच काढावा. मुंग्यांसाठी औषधी पावडर किंवा खडू वापरू नये; परातीत थोडे पाणी घालून त्यात वाटी ठेवली की पुरते.

दुधाबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांशी एकदा बोलावे लागेल. मांजर म्हणजे दूध-भात, हे आपल्या मनात इतके पक्के आहे की आजी प्रेमाने वाटी पुढे करणारच. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि त्यांना जुलाब होतात, हे आजींना आधीच, शांतपणे सांगावे. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. त्याच्या डोळ्यांना आणि हृदयाला टॉरिन नावाचे द्रव्य लागते आणि ते मांस-मासळीतूनच मिळते. त्यामुळे घरातली माणसे शाकाहारी असली तरी मांजराला त्याचेच खाणे द्यावे लागेल, याचा विचार हो म्हणण्याआधी झालेला असावा.

मैत्रीण त्याला मासे देत असेल तर आपणही द्यावेत, पण बांगडा असो की तारली, मासा मीठ-मसाला न लावता वाफवावा आणि काटे हातांनी चाचपून काढावेत. कच्चा मासा देऊ नये, कारण काही माशांत थायामिन हे जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते आणि शिजवल्यावर ते निकामी होते. आमटी-कालवणातला तुकडा धुऊन दिला तरी चालत नाही; त्यात कांदा-लसणाचा रस उतरलेला असतो, आणि कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात ताजी मासळी कमी होते आणि घराघरांत सुकट, खारा बांगडा निघतो. त्यात मीठ फार असते, म्हणून या दोन महिन्यांत मासे खाणारे मांजर येणार असेल तर त्याला आधीपासून उकडलेल्या कोंबडीची सवय लावायला मैत्रिणीला सांगावे. तसा बदल आठवडाभर, थोडे थोडे मिसळूनच करावा.

पाणी खाण्याच्या वाटीपासून आणि मातीच्या ट्रेपासून दूर, रुंद तोंडाच्या भांड्यात, दोन ठिकाणी ठेवावे आणि दिवसातून दोनदा बदलावे. कोरडा खाऊ खाणारे मांजर आधीच पाणी कमी पिते, म्हणून भांड्यातले पाणी किती उतरते, यावर लक्ष ठेवावे.

मातीचा ट्रे

मांजराच्या लांबीच्या दीडपट लांब, पसरट, कमी उंचीचा ट्रे असावा आणि त्यात दोन-तीन इंच माती असावी. मैत्रिणीच्या घरच्या ट्रेमधली मूठभर वापरलेली माती आणून नव्या मातीत मिसळली तर मांजराला जागा लगेच ओळखता येते. दुकानातली माती संपली तर किनाऱ्यावरची वाळू आणून टाकावी, असे पटकन सुचते. पण ती खारट असते, लवकर वाळत नाही आणि मांजर पंजे चाटते, तेव्हा ते मीठ पोटात जाते. गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन कडक उन्हात वाळवलेली नदीची वाळू चालते. पावसाळ्यात ऊनच नसते, त्यामुळे मृगाच्या आधीच पिशव्या भरून ठेवाव्यात. ट्रे रोज दोनदा साफ करावा आणि धुताना गरम पाणी आणि साधा साबण वापरावा.

फिनेल वापरू नये. मांजराच्या यकृताला असली द्रव्ये नीट पचवता येत नाहीत, आणि पुसलेल्या लादीवर चाललेले पाय ते जिभेने चाटून साफ करते.

घरातली विषे

फिनेलसारख्याच आणखी काही वस्तू घरात सहज असतात. कपाटातल्या डांबरगोळ्या, कापूर, निलगिरीचे तेल हे सगळे मांजराच्या खोलीतून बाहेर काढावे. पॅरासिटामॉल मांजराला प्राणघातक आहे, अर्धी गोळीसुद्धा. माणसाचे कुठलेही औषध मांजराला देऊ नये. कुत्र्यांच्या गोचिडांवर लावायच्या कित्येक औषधांत पर्मेथ्रिन असते आणि त्याने मांजराला झटके येऊन ते मरू शकते. तेव्हा घरातल्या कुत्र्याला असे औषध लावले असेल तर दोघांना एकत्र आणू नये. फुलदाणीतली लिली मांजराची मूत्रपिंडे निकामी करते. गणपतीच्या माटवीसाठी, म्हणजे मूर्तीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या चौकटीसाठी, रानातून फुले येतात, त्यांत लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी कळलावी असू शकते. ती विषारी आहे, आणि अंगणातली कण्हेरही.

उंदरांचे औषध आपल्याकडे भाताच्या कोठाराजवळ आणि माडांखाली घातलेले असते. मांजर ते थेट खाणार नाही कदाचित, पण औषध खाल्लेला उंदीर खाईल. मांजर यायच्या आधी घरातले औषध उचलावे आणि शेजाऱ्यांनाही विचारावे. उंदीर धरायच्या चिकट पुठ्ठ्यावर मांजर अडकले तर ओढू नये, कात्री लावू नये. गोडेतेल चोळून केस हळूहळू सोडवावेत.

बाहेर न सोडणे, आणि सुटलेच तर

"मांजर काय बांधून ठेवायचे असते?" हा प्रश्न घरात दुसऱ्याच दिवशी येतो. त्यामागे माया असते, त्यामुळे उत्तरही मायेनेच द्यावे. वाडीत वाढलेल्या मांजराला कठडा नसलेली विहीर कुठे आहे, कोणाचा कुत्रा अंगावर येतो, पाचोळ्यात फुरसे कसे बसते, हे सगळे माहीत असते. इमारतीत वाढलेल्या मांजराला यातले काहीच ठाऊक नसते, आणि सळसळ ऐकली की ते पंजा मारायला धावते. बिबट्याचा वावर आता वस्तीच्या कडेपर्यंत आहे. मुक्काम महिन्याभराचा असला तरी त्याला बाहेर सोडू नये; तीन दिवसांनी घरातली दुसरी बंद खोली द्यावी, आणि कोणीतरी त्याच्याजवळ असताना बाहेरची दारे लावून घरात फिरू द्यावे. मांजराच्या खोलीच्या दारावर, कडीच्या उंचीला, मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवावी. माणसे विसरतात, आणि दूधवाला, गॅसवाला, पावण्यारावळ्यांची मुले यांना तर माहीतच नसते. गळ्यात पट्टा घालायचा असेल तर ओढ बसताच सुटणारा घालावा आणि त्यावर आपला फोन नंबर लिहावा.

इतके करूनही मांजर सुटले तर हाका मारत वाडीभर धावू नये. घरात वाढलेले, घाबरलेले मांजर बहुधा लांब जात नाही. ते जवळच, अंधारात, अगदी गप्प बसून राहते आणि ओळखीच्या हाकेलाही ओ देत नाही. दिवसा आपल्या घराभोवतीची आणि शेजारच्या चार-पाच घरांची लाकडाची खोप, गोठा, न्हाणीघराची मागची बाजू, उभी करून ठेवलेली होडी, गवताची उडवी हे सगळे वाकून, टॉर्च मारून पाहावे; टॉर्चच्या उजेडात डोळे चमकतात. विहिरीत डोकावून पाहावे. मैत्रिणीला त्याच दिवशी कळवावे, लपवू नये.

खरे शोधणे रात्री होते. चिंगी तिसऱ्या रात्री सापडली. दोन्ही रात्री मी अंगणात मैत्रिणीची न धुतलेली ओढणी आणि चिंगीच्या ट्रेमधली माती ठेवली होती. तिसऱ्या रात्री वाफवलेला बांगडा हातांनी कुस्करून वाटीत घातला, अंगणातला दिवा बंद केला आणि खळ्याच्या कडेला पाठ करून बसले. दोन वाजून गेल्यावर शेजाऱ्यांच्या उडवीतून, माझ्या घरापासून शंभर पावलांवरून, आधी गवत सरकल्याचा आवाज आला. मग ती पोट जमिनीला लावून, दर चार पावलांनी थांबत आली. मी वळले नाही, हात पुढे केला नाही. तिने ओढणी हुंगली, तिच्यावर बसली, आणि मग खाल्ले. उचलायची घाई केली असती तर ती पुन्हा गेली असती. ती खात असताना मी फक्त ओटीचे दार उघडे करून वाटी एक एक हात आत सरकवत नेली. पहाटे साडेतीनला दार लागले.

आजारपण ओळखणे

मांजर दुखणे लपवते, त्यामुळे वहीतल्या नोंदीच आधी बोलतात. त्याने चोवीस तास काहीच खाल्ले नाही तर मैत्रिणीला आणि डॉक्टरांना फोन करावा. अठ्ठेचाळीस तास झाले तर दाखवायलाच हवे, कारण उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ लागते. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतो, कण्हतो आणि लघवीचा थेंब येत नाही, ही सगळ्यात तातडीची खूण आहे. लघवी अडकलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो, म्हणून सकाळपर्यंत थांबू नये. तोंड उघडे ठेवून धापा टाकणे, वारंवार उलट्या, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या पडणे, अचानक मागचे पाय न उचलणे, एखाद्या अवयवाला वेगाने सूज चढणे यांपैकी काहीही दिसले तरी तसेच निघावे. साप चावल्याचा संशय असेल तर दोरी बांधू नये, जखम कापू नये. कमीत कमी हालचाल होईल अशा रीतीने पिंजऱ्यात ठेवून न्यावे. अंग गरम लागते म्हणून ताप समजू नये. मांजराचे नेहमीचे तापमानच ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते.

निघायचे कुठे, हे मात्र आधीच ठरलेले असायला हवे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्यतः गाई-म्हशी-शेळ्या येतात. तिथले डॉक्टर मांजर पाहतात का, कोणत्या वेळी असतात, रात्री कोणाकडे जायचे, हे मांजर येण्याच्या आधीच्या आठवड्यात समक्ष जाऊन विचारावे. पशुवैद्यकीय सेवेसाठी शासनाचा १९६२ हा मोफत क्रमांक आहे, तोही लिहून ठेवावा. जवळच्या मोठ्या गावात लहान प्राण्यांचे खाजगी डॉक्टर असतील तर तिथवर किती वेळ लागतो आणि रात्री कोणाची गाडी मिळेल, हेही पाहून ठेवावे.

घरातली माणसे

घरात कोणी गरोदर असेल तर तिने ट्रे साफ करू नये. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो आणि तो गर्भाला अपाय करतो. तो संसर्गक्षम व्हायला निदान एक दिवस लागतो, त्यामुळे ट्रे रोज साफ करण्याने सगळ्यांचाच धोका कमी होतो.

मांजर चावले किंवा त्याने खोल ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे, घड्याळ लावून, धुवावी. हळद, चुना, तिखट काही भरू नये. मग त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. सरकारी दवाखान्यात रेबीजची लस मोफत मिळते, आणि मांजराला लस झालेली असली तरी निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

घरात आधीच मांजर असेल तर दोघांची भेट घालायची घाई नको. आठवडाभर एकाचे फडके दुसऱ्याच्या खोलीत ठेवून वासाची ओळख करून द्यावी, आणि मुक्काम त्याहून लहान असेल तर भेट घालूच नये. कोंबडीची पिल्ले असतील तर खुराड्याचे दार पुन्हा एकदा तपासावे.

परत पाठवताना

मैत्रीण घ्यायला आली की मांजर धावत तिच्याकडे जाईल, अशी तिची अपेक्षा असते. पण कित्येक मांजरे पहिल्या तासात तिलाही ओळख दाखवत नाहीत, आणि घरी गेल्यावर दिवसभर लपून बसतात. हे तिला आधी सांगावे, म्हणजे तिला वाईट वाटणार नाही. खाण्याची आणि शी-शूची वही, उरलेला खाऊ, लसीची पुस्तिका आणि सहीचा कागद तिच्या हातात द्यावा. मांजर तिच्या घरी पोहोचेपर्यंत खोलीतला खोका आणि त्यातला मैत्रिणीचा कपडा उचलू नये. वाटेत काही झाले आणि मांजर परत आणावे लागले, तर त्याला ओळखीचे एवढेच असेल. ती पोहोचल्याचा फोन आला की मग ट्रे उन्हात ठेवावा आणि मोरीच्या भोकावरचा दगड काढावा.